लैंगिक संसर्गाची शंका आली तर: तारीख, नमुना आणि चाचणी यांचा क्रम

लैंगिक संसर्गाच्या तपासणीतल्या बहुतेक चुका प्रयोगशाळेत होत नाहीत, त्या आधीच होऊन गेलेल्या असतात. संबंधानंतर चौथ्या दिवशी एचआयव्हीची चाचणी करून निर्धास्त होणं, मुखमैथुन झालं असताना फक्त लघवी तपासणं, आधी गोळ्या घेऊन मग नमुना देणं. तिन्ही वेळा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो आणि तिन्ही वेळा त्यावर विसंबता येत नाही. कोणती चाचणी करायची हे लक्षणांपेक्षा दोन गोष्टींवर जास्त ठरतं: संबंध कोणत्या तारखेला आला आणि शरीराच्या कोणत्या भागाचा संपर्क झाला. पुढचे टप्पे त्याच हिशोबाने लावले आहेत. मधला टप्पा गाळू नका.

टप्पा १: ज्याला मुदत आहे ते आधी

काही गोष्टी तासांच्या हिशोबात चालतात. त्यातली एखादी लागू होत असेल तर बाकीचा लेख नंतर वाचा.

एचआयव्हीचा धोका असलेला असुरक्षित संबंध आला असेल किंवा कंडोम फाटला असेल, तर संसर्ग रोखणारी औषधं (पेप) ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. जितकी लवकर तितकी चांगली, आणि पूर्ण २८ दिवस घ्यावी लागतात. ७२ तास उलटल्यावर त्यांचा उपयोग धरला जात नाही. जोडीदाराला एचआयव्ही आहे, पण तो नियमित औषधं घेतो आणि त्याच्या रक्तातला विषाणू बराच काळ मोजता न येण्याइतका कमी राहिला आहे, तर लैंगिक संबंधातून तो पसरत नाही. ही माहिती डॉक्टरांना जरूर सांगा.

हेपॅटायटिस बीची लस पूर्वी घेतली नसेल तर ती शक्यतो २४ तासांत आणि उशिरात उशिरा १४ दिवसांत सुरू करतात. गर्भधारणेची भीती असेल तर तातडीच्या गर्भनिरोधनाची मुदत ५ दिवस आहे, पण त्यासाठी नेहमी मिळणाऱ्या गोळीचा परिणाम पहिल्या ७२ तासांत जास्त असतो.

संबंध जबरदस्तीने झाला असेल तर ताबडतोब रुग्णालयात जा. जमल्यास अंघोळ न करता जा आणि अंगावरचे कपडे कागदी पिशवीत ठेवा. अंघोळ झाली असेल तरी जायचंच. उपचारांचा हक्क त्याने जात नाही.

*त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायची लक्षणं:* अंडकोषात अचानक उठलेली तीव्र कळ (ही वृषणाला पीळ पडल्याने असू शकते, आणि वृषण वाचवायला साधारण ६ तासच मिळतात); ओटीपोटात दुखणं आणि सोबत ताप; गरोदरपणात जननेंद्रियावर फोड, जखम किंवा वेगळा स्राव; अंगावर पुरळ आणि त्याच सुमारास नजर धूसर होणं किंवा ऐकू कमी येणं; ताप आणि एखादा सांधा सुजून गरम होणं.

टप्पा २: कागदावर पाच नोंदी

दवाखान्यात गेल्यावर संकोचाने निम्मी माहिती तोंडातच राहते. म्हणून आधीच लिहून ठेवा:

१. मागच्या ३ महिन्यांतल्या संबंधांच्या तारखा, विशेषतः शेवटची.
२. संबंधाचा प्रकार: योनीमार्गे, गुदद्वारातून की तोंडाने, आणि तुमच्या शरीराचा कोणता भाग संपर्कात आला.
३. कंडोम सुरुवातीपासून शेवटपर्यंत होता का, मध्येच घातला की काढला.
४. प्रत्येक लक्षण कोणत्या दिवशी सुरू झालं आणि कोणतं आधी आलं.
५. त्यानंतर घेतलेलं प्रत्येक औषध, लावलेलं प्रत्येक मलम, औषधांची ॲलर्जी (पेनिसिलिनची असेल तर ठळक अक्षरांत), आधीच्या लशी आणि पाळीची शेवटची तारीख.

दुसरी नोंद सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच गाळली जाते. "बाहेर संबंध आला होता" एवढ्यावरून घशाचा किंवा गुदद्वाराचा स्वॅब (कापूस लावलेल्या कांडीने घेतलेला नमुना) घ्यायचा की नाही हे डॉक्टरांना ठरवता येत नाही. बोलायला जड जात असेल तर कागद पुढे करा. तेवढं पुरतं.

टप्पा ३: लक्षणं एकदा नीट पाहा, मग हात लावू नका

हात धुवा, भरपूर उजेडात एकदा पाहा, गरज वाटली तर स्वतःसाठी फोटो काढून ठेवा. फोड आणि पुरळ डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत मावळतात, तेव्हा हा फोटो कामाला येतो.

लक्ष द्यायच्या खुणा अशा. लघवीच्या जागेतून पू किंवा पांढुरका स्राव आणि जळजळ असेल, तर गनोरिया किंवा क्लॅमिडिया या जिवाणूंच्या संसर्गांचा विचार होतो. न दुखणारी, कडेने टणक लागणारी एकच जखम सिफिलिसची असू शकते. ती उपचाराशिवायही ३ ते ६ आठवड्यांत भरून येते आणि आजार मात्र आत चालू राहतो. पुढे तळहात-तळपायांवर न खाजणारं पुरळ आलं तर त्याच दिशेने पाहावं लागतं. बारीक पाणीदार फोडांचा झुबका, तो फुटून होणाऱ्या दुखऱ्या जखमा, पहिल्या वेळी ताप आणि जांघेत गाठी हे हर्पिसचं नेहमीचं रूप. स्त्रियांमध्ये अंगावरून जाणाऱ्या पाण्याचा रंग किंवा वास बदलणं, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसणं, संबंधाच्या वेळी आत खोल दुखणं याकडे दुर्लक्ष करू नये.

यातलं बरंचसं दुसऱ्या कारणांनीही होतं. घट्ट पांढरा स्राव आणि खाज बहुधा बुरशीमुळे असते. पातळ, करडा स्राव आणि संबंधानंतर वाढणारा माशासारखा वास योनीतल्या जिवाणूंचा समतोल बिघडल्याने येतो. शिश्नाच्या टोकाच्या कडेला एका ओळीत असलेले एकसारखे बारीक दाणे आणि कातडीखालचे पिवळसर ठिपके ही शरीराची नैसर्गिक ठेवण आहे. धास्तावलेला माणूस ते पहिल्यांदाच निरखून पाहतो, म्हणून नवे वाटतात. केस काढल्यावर येणाऱ्या पुळ्या, घर्षणाने सोलवटलेली कातडी, साबणाची ॲलर्जी हेही यातच येतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेकांना कोणतंच लक्षण नसतं, आणि घशातला किंवा गुदद्वारातला संसर्ग तर बहुतेक वेळा मुका असतो. लक्षण नाही म्हणून चाचणी टाळू नका.

*सावधान:* स्राव येतोय का हे पाहण्यासाठी शिश्न वारंवार पिळल्याने लघवीची नळी चुरचुरते आणि खरोखरच थोडा स्राव येऊ लागतो. मग चाचण्या निगेटिव्ह असूनही शंका फिटत नाही. योनी आतून धुणं, जंतुनाशक द्रावण लावणं, स्टेरॉइड असलेलं खाजेचं मलम चोळणं हे सगळं बंद. स्टेरॉइडने लाली दबते, संसर्ग पसरतो आणि डॉक्टरांना दिसणारं चित्र पुसलं जातं.

टप्पा ४: तारीख आणि चाचणी जुळवा

संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंत जो काळ जातो त्याला विंडो पिरियड म्हणतात. प्रत्येक आजाराचा तो वेगळा आहे, आणि सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते.

गनोरिया आणि क्लॅमिडिया. नॅट किंवा पीसीआर पद्धतीची (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) चाचणी संपर्कानंतर १४ दिवसांनी करा. लक्षणं असतील तर १४ दिवस थांबायचं नाही, लगेच नमुना द्यायचा. तो निगेटिव्ह आला तर संपर्काला १४ दिवस झाल्यावर पुन्हा.

एचआयव्ही. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी चौथ्या पिढीची चाचणी (अँटिजन म्हणजे विषाणूचा अंश आणि अँटिबॉडी म्हणजे शरीराने त्याविरुद्ध बनवलेली प्रथिनं, दोन्ही शोधणारी) १८व्या दिवसापासून संसर्ग पकडू लागते आणि ४५ दिवसांनंतरचा तिचा निगेटिव्ह निकाल पक्का धरतात. बोटाच्या रक्तावरच्या झटपट चाचण्या आणि घरी करायच्या किट यांसाठी ९० दिवस मोजा. ४५ दिवसांचा नियम ऐकून घरच्या किटवर विसंबणं ही नेहमीची गफलत आहे. पेप घेतलं असेल तर मोजणी संपर्काच्या दिवसापासून नाही, शेवटच्या गोळीपासून करायची, कारण औषधांमुळे अँटिबॉडी उशिरा तयार होऊ शकतात.

सिफिलिस. जखम साधारण २१व्या दिवशी दिसते, पण १० ते ९० दिवसांत कधीही येऊ शकते. रक्ताचा शेवटचा निकाल ९० दिवसांनी. जखम असेल तर त्याच दिवशी रक्त द्या आणि सोय असेल तिथे जखमेचा स्वॅबही. जखम नुकतीच आली असेल तर रक्त निगेटिव्ह येऊ शकतं. २ ते ४ आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं.

हेपॅटायटिस बी आणि सी. दोन्हींसाठी साधारण ३ महिने धरा. सीचा प्रश्न मुख्यतः रक्ताचा संपर्क किंवा सुया वाटून घेणं असेल तेव्हा येतो. बीची लस घ्यायची असेल तर रक्त आधी द्या. लस घेतल्यानंतर १८ दिवसांपर्यंत एचबीएसएजी (हेपॅटायटिस बीच्या विषाणूचा अंश शोधणारी चाचणी) खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि त्यावरून घरात अकारण आकांत होतो.

हर्पिस. चाचणी ताज्या फोडाच्या स्वॅबची, रक्ताची नाही. फोड नसताना केलेल्या रक्तचाचणीत खोटे पॉझिटिव्ह पुष्कळ निघतात, आयजीएम (ताज्या संसर्गात बनणाऱ्या अँटिबॉडीची) चाचणी तर निर्णयाला निरुपयोगी आहे. तरीही ती अनेक 'संपूर्ण तपासणी' पॅकेजांत असते. पॅकेज निवडण्याआधी यादी वाचा आणि ती वगळता येते का विचारा.

एचपीव्ही (जननेंद्रियावरचे मस आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांमागचा विषाणू). रक्तात सापडत नाही. मस डोळ्यांनी पाहूनच ओळखतात. स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाची नियमित तपासणी हा वेगळा विषय आहे.

एकदाच झालेल्या संपर्कासाठी वेळापत्रक असं बसतं: लगेच रक्ताची पहिली तपासणी (आधीपासून काही होतं का हे कळायला), १४ दिवसांनी लघवी किंवा स्वॅब, ४५ दिवसांनी एचआयव्ही, ९० दिवसांनी सिफिलिस आणि हेपॅटायटिस. मधल्या दिवसांत दर आठवड्याला रक्त देऊन काही मिळत नाही. शेवटचा निकाल येईपर्यंत कंडोम वापरा किंवा संबंध टाळा.

*तपासा:* यादीत फक्त रक्ताच्या चाचण्या आहेत का? असतील तर गनोरिया आणि क्लॅमिडिया तपासलेच जाणार नाहीत. ते रक्तात शोधत नाहीत.

टप्पा ५: नमुना देताना

औषध घेण्याआधी नमुना, हा पहिला नियम. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या घेतल्याने संसर्ग अर्धवट दबतो, जात नाही. आणि चाचणीत मात्र सापडेनासा होतो. गोळ्या घेऊन झाल्या असतील तर नाव आणि तारीख सांगा, लपवू नका.

*लघवी.* आधी किमान १ तास लघवीला जाऊ नका. जागा धुऊ किंवा पुसू नका. धारेचा पहिला भाग, २० ते ३० मिली, डब्यात घ्या आणि बाकीची बाहेर सोडा. जंतू लघवीच्या नळीत असतात, ते पहिल्या धारेबरोबर वाहून येतात. डबा काठोकाठ भरला की नमुना पातळ होतो. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गासाठी जी कल्चर तपासणी करतात तिला मधली धार लागते. त्या सवयीने लोक इथेही पहिली धार सोडून देतात आणि नेमकं हवं ते वाया जातं. दोन्ही चाचण्या सांगितल्या असतील तर दोन डबे मागा आणि आधी कोणता भरायचा ते विचारून घ्या.

*योनीचा स्वॅब.* स्त्रियांसाठी लघवीपेक्षा हा नमुना सरस आहे, आणि तो स्वतःही घेता येतो. कांडी सुमारे ५ सेंमी आत घाला, भिंतींना लागेल अशी १० ते ३० सेकंद फिरवा, बाहेर काढताना मांडीला किंवा हाताला टेकू देऊ नका. लगेच नळीत घालून खुणेच्या रेषेवर मोडा आणि झाकण घट्ट लावा. नळीतलं द्रव सांडलं तर नवीन किट मागा. पाणी घालून भरपाई करू नका. आदल्या दिवसापासून योनीत मलम किंवा गोळी घालू नका. पाळी चालू असेल तर प्रयोगशाळेला विचारा, बहुतेक वेळा अडत नाही.

*घसा.* दोन्ही टॉन्सिलवर आणि मागच्या भिंतीवर कांडी फिरली पाहिजे. नुसती जिभेवर टेकवलेली कांडी निरुपयोगी. उबळ आली तर क्षणभर थांबून पुन्हा करा. आधी जंतुनाशकाच्या गुळण्या नकोत.

*गुदद्वार.* कांडी २ ते ३ सेंमी आत, साधारण १० सेकंद फिरवायची. तिला विष्ठा जास्त लागली तर दुसरी कांडी घ्या.

*फोड किंवा जखम.* उठल्यापासून १-२ दिवसांत जा आणि तोवर काही लावू नका. खपली धरलेल्या जागेतून विषाणू बहुधा मिळत नाही, म्हणून तिथला निगेटिव्ह हर्पिस नाही असं सांगत नाही.

*रक्त.* उपाशीपोटी जायची गरज नाही. केस-नखांसाठी जास्त मात्रेचं बायोटिन घेत असाल तर कळवा. काही रक्तचाचण्यांच्या निकालात ते ढवळाढवळ करतं.

*निघण्यापूर्वी तपासा:* प्रत्येक नळीवर नाव आणि तारीख आहे का, आणि स्वॅब कुठला (घसा, योनी, गुदद्वार) हे लिहिलं आहे का?

टप्पा ६: रिपोर्ट वाचणं

'निगेटिव्ह' शब्दाआधी तीन गोष्टी बघा: चाचणीची पद्धत, नमुन्याची जागा, नमुना घेतल्याची तारीख. संपर्काची तारीख शेजारी लिहून दिवस मोजा. विंडो पिरियड संपला नसेल तर तो निकाल फक्त त्या दिवसापुरता आहे.

एचआयव्हीच्या पहिल्या चाचणीत 'रिॲक्टिव्ह' आलं म्हणजे निदान झालं असं नाही. वेगळ्या चाचण्यांनी खात्री करून मगच सांगतात. खात्री झाली तर उपचार लगेच सुरू होतात आणि ते प्रभावी आहेत.

सिफिलिसच्या चाचण्या दोन तऱ्हांच्या. व्हीडीआरएल किंवा आरपीआर गरोदरपणात आणि काही इतर आजारांत खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून टीपीएचएसारख्या (सिफिलिसच्या जंतूविरुद्धच्याच अँटिबॉडी शोधणाऱ्या) चाचणीने खात्री करतात. ही दुसरी चाचणी बरं झाल्यावरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. तेवढ्यावरून पुन्हा उपचार घेऊ नका. आजार उतरतोय का हे व्हीडीआरएलच्या आकड्यावरून कळतं (रक्त किती पट पातळ केलं तरी चाचणी पॉझिटिव्ह येते तो आकडा, जसं १:३२).

हेपॅटायटिसच्या रिपोर्टात अँटी-एचबीएस (हेपॅटायटिस बीविरुद्धची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह असेल तर ते संरक्षण आहे, आजार नाही.

आणि एक गोष्ट घरात शब्दाने शब्द वाढण्याआधी लक्षात घ्या: पॉझिटिव्ह रिपोर्टवरून संसर्ग कधी झाला हे सांगता येत नाही. क्लॅमिडिया लक्षणांशिवाय महिनोन् महिने राहू शकतो. तो विश्वासघाताचा पुरावा नाही.

टप्पा ७: उपचार

लक्षणं ठळक असतील तर डॉक्टर निकालाची वाट न पाहता औषध देतात, ते योग्यच आहे. फक्त नमुना आधी जाऊ द्या. क्लॅमिडियाला बहुधा डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ७ दिवस दिलं जातं. ही गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. गरोदर असाल तर आधी सांगा, औषध बदलावं लागतं. गनोरियाला इंजेक्शन लागतं. त्याचे जंतू अनेक जुन्या गोळ्यांना दाद देत नाहीत, म्हणून कुणाला लागू पडलेली गोळी मागून घेणं धोक्याचं. सिफिलिसला पेनिसिलिनचं इंजेक्शन. त्यानंतर २४ तासांत ताप, थंडी, अंगदुखी येऊ शकते. बहुधा ती जंतू मरत असल्याची प्रतिक्रिया असते आणि आपोआप उतरते. मात्र श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर ती ॲलर्जी समजून तातडीने परत जा.

गनोरिया-क्लॅमिडियात एकाच डोसचा उपचार असेल तर त्यानंतर ७ दिवस, आणि कोर्स असेल तर तो संपेपर्यंत संबंध पूर्ण बंद. ही मोजणी दोघांच्याही उपचारांची आहे. एकाचा कोर्स आज संपला आणि दुसऱ्याने अजून सुरू केला नाही, तर संसर्ग परत येतो आणि दोष औषधाला दिला जातो.

टप्पा ८: जोडीदाराला सांगणं

गनोरिया किंवा क्लॅमिडियासाठी मागच्या ६० दिवसांतल्या जोडीदारांना सांगा. सिफिलिसच्या पहिल्या अवस्थेत किमान ९० दिवस मागे जावं लागतं. लांबण लावू नका, कोणी कोणाला दिला यात शिरू नका. एवढं पुरे: "माझ्या तपासणीत क्लॅमिडिया निघाला आहे, उपचार चालू आहेत. तुला काही त्रास नसला तरी तपासून घे. तोपर्यंत आपण संबंध टाळू या."

मारहाणीची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची भीती असेल तर स्वतः सांगू नका. तुमचं नाव न घेता कळवता येईल का, हे डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला विचारा.

जोडीदाराचा निगेटिव्ह रिपोर्ट तुमच्या चाचणीची जागा घेत नाही. प्रत्येक संपर्कात संसर्ग पोहोचतोच असं नाही.

टप्पा ९: पुन्हा चाचणी कधी, आणि थांबायचं कधी

क्लॅमिडियाच्या उपचारानंतर ४ आठवड्यांच्या आत नॅट करू नका. मेलेल्या जंतूंचे अवशेष सापडून ती पॉझिटिव्ह येऊ शकते आणि नाहक दुसरा कोर्स होतो. गरोदर स्त्रियांची खातरजमा ४ आठवड्यांनी करतात. घशातल्या गनोरियाची ७ ते १४ दिवसांनी. पुन्हा लागण झाली नाही ना हे पाहण्यासाठी दोन्ही आजारांत ३ महिन्यांनी चाचणी करा. सिफिलिसमध्ये ६ आणि १२ महिन्यांनी व्हीडीआरएल बघतात. १:३२ चा आकडा १:८ किंवा त्याखाली उतरला तर उपचार लागू पडला असं समजतात. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने करा, नाहीतर आकड्यांची तुलना करता येत नाही.

सगळं निगेटिव्ह असून जळजळ किंवा स्राव राहिला तर त्याच चाचण्या तिसऱ्यांदा करण्यात अर्थ नाही. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम आणि ट्रायकोमोनास या लैंगिक संसर्गाच्या आणखी दोन जंतूंची चाचणी झाली आहे का विचारा. तीही स्वच्छ असेल तर मूतखडा, प्रोस्टेटची सूज, ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा ताण, कातडीचा आजार याकडे वळावं लागतं, आणि डॉक्टरही बदलतात: मूत्ररोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञ.

विंडो पिरियड उलटून निकाल निगेटिव्ह आला आणि नवा संपर्क नाही, तर तो प्रश्न मिटला. तरीही रोज आरशात तपासणं, रात्रीची झोप उडणं, दर आठवड्याला नवी प्रयोगशाळा शोधणं चालू असेल तर ही चिंताच डॉक्टरांना त्रास म्हणून सांगा. तिच्यावर उपचार आहेत, फक्त ते रक्त तपासून होत नाहीत.

नवे किंवा एकापेक्षा जास्त जोडीदार असतील तर लक्षणांची वाट न पाहता वर्षातून एकदा, आणि धोका जास्त असेल तर दर ३ ते ६ महिन्यांनी, संपर्काच्या सर्व जागांची तपासणी करून घ्या. पुढच्या तपासणीची तारीख शेवटच्या रिपोर्टच्या मागेच लिहून ठेवा.